सीआरपी अठ्ठेचाळीस, गुरुजी पास

गुरुजींच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली आणि रक्ताच्या अहवालात सीआरपी अठ्ठेचाळीस आला. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाने आधी आकडा वाचला. पस्तीसच्या वर होता. गुरुजींनी समाधानाने चष्मा पुसला.

शेजारच्या खाटेवर शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या जठरात गाठ होती आणि आकडा आला होता अवघा नऊ. गुरुजींनी त्यांना धीर दिला, की नापास होणं म्हणजे काही जगबुडी नव्हे, नेट लावला तर पुढच्या खेपेला पस्तीस कुठे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना शस्त्रक्रियेला नेलं. गुरुजी पास होऊन खाटेवरच राहिले.

मग सुनेने उलगडून सांगितलं. अंगात कुठेतरी सूज धुमसत असली की हा आकडा चढतो, आणि इथला नियम असा, की तो दहाच्या खाली उतरल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख नाही.

"बाबा, इथे कमी मिळवायचे असतात."

गुरुजी कंबर कसून अभ्यासाला लागले. पहाटे प्राणायाम, संध्याकाळी व्हरांड्यात फेऱ्या, वेळापत्रक उशाशी चिकटवलेलं. दुसऱ्या तपासणीत बावन्न, तिसरीत एकसष्ट. नोंदवहीत दर वेळी तोच शिक्का उमटे : 'सदर रुग्ण तूर्त अपात्र. फेरतपासणी सोमवारी.' गाठीला मात्र हा नियम कुणी कळवला नव्हता. ती सोमवारसाठी थांबत नव्हती. गुरुजींनी वेळापत्रकाखाली स्वतःच शेरा मारला, 'प्रगती असमाधानकारक'.

चौथ्यांदा रक्त घ्यायला आलेली सिस्टर गुरुजींना पोळी खाताना पाहून सुई हातात धरून थबकली.

"गुरुजी, एकाच बाजूने चावताय. दुखतंय का कुठे?"

खालची दाढ महिनाभर ठणकत होती. पण ती आतड्याच्या अभ्यासक्रमात नव्हती, म्हणून गुरुजी बोलले नव्हते.

"कुणी विचारलंच नाही मला," ते म्हणाले. पोरांच्या पेपरांवर त्यांनी आजवर हजारदा लाल शाईने 'लक्ष नाही' लिहिलं होतं. त्यांतल्या किती जणांची दाढ दुखत होती, देव जाणे.

दाढ काढली, पू निघाला, सूज ओसरली. पाचव्या तपासणीनंतर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. नातेवाइकांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "किती आला?"

तो आकडा इथे मुद्दाम लिहिलेला नाही. तुम्ही मात्र वर जाऊन पुन्हा शोधलात.