ओढ्यातली वाटी

खांबेट्यांच्या हातात आमटीची वाटी दिली की ते आधी ती घुमवतात. हलक्या हाताने, जरा तिरकी धरून, गोल गोल. मग तळाशी डोकावतात आणि पडेल चेहऱ्याने भुरकायला लागतात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा बायकोला वाटलं, आमटीत काहीतरी पडलंय. तसं काही नव्हतं. बशी असो, ताटली असो, गोल काहीही दिसलं की त्यांचा हात आपोआप फिरतो. तळाशी मोहरी दिसली तरी क्षणभर आशा वाटते, असं ते स्वतःच सांगतात.

हे आमचे डब्लिनमधले शेजारी. वहिनी वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर, घरी येतात त्या शुक्रवारी. त्यांच्या नोकरीपायी खांबेट्यांनी पुण्यातली बँक सोडली आणि 'डिपेंडंट' म्हणून इथे आले. डबे, इस्त्री, लेकीच्या शाळेच्या मीटिंगा, सगळं त्यांनीच केलं. इराला वाढवलं त्यांनीच म्हणा ना. ती मोठी झाली आणि इथली निम्मी पोरं जातात तशी ऑस्ट्रेलियाला गेली. वाळवंटातल्या एका खाणीच्या गावात ती नर्स आहे.

दर रविवारी बापलेकीचा फोन. आमच्या घरांमध्ये भिंत एकच, तीही नावाला, त्यामुळे मला तो पाठ होता. "जेवलीस का?" खांबेटे विचारायचे. "आय डिड, बाबा." मग दोन्हीकडे शांतता. मग "बरं, ठेवतो." संपला फोन. नंतर बराच वेळ त्यांच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज यायचा.

एका रविवारी इराने सांगितलं की सुट्टीच्या दिवशी ती आणि तिचा होणारा नवरा कॉनर धातू शोधायचं मशीन घेऊन वाळवंटात सोनं शोधत हिंडतात. मशीन वाजतं, मग खणायचं. बहुतेक वेळा बिअरची झाकणं निघतात. खांबेट्यांनी विचारलं, आपल्याकडे मिळतं का गं? तिनेच शोधून सांगितलं की डब्लिनजवळच्या विकलो भागातल्या डोंगरांत, ओढ्यांमध्ये कणकण मिळतं. त्या दिवशी फोन इतका लांबला की आमचं जेवण उरकलं तरी भिंतीपलीकडे गप्पा चालूच होत्या.

झालं. खांबेट्यांनी प्लॅस्टिकची एक हिरवी थाळी मागवली, गमबूट घेतले, आणि ते गाडी चालवत नसल्यामुळे माझे रविवार कामाला लागले. लेक तिकडे उन्हात भाजतेय आणि बाप इकडे पोटरीभर गार पाण्यात. थाळीत वाळू घ्यायची, पाण्यात बुडवून घुमवायची, वरची वाळू वाहू द्यायची. मी कुरकुरलो की ते म्हणत, "जड आहे ते खाली राहतं, कुलकर्णी. घाई करायची नाही." काठावरचा मेंढ्यांचा मालक कुंपणापाशी थांबून विचारायचा, एनी लक? खांबेटे ओठ निळे पडलेले असतानाही इथल्या लोकांसारखं सांगायचे, "ग्रँड, ग्रँड."

यामागे एक बेत होता. मंगळसूत्राची एक वाटी सासरची असते आणि एक माहेरची. इराने बजावलं होतं की विकतचं सोनं ती घालणार नाही, त्यासाठी डोंगर कसे पोखरतात ते ती तिकडे रोज बघते. तेव्हा माहेरची वाटी ओढ्यातून काढायची. सासरची वाटी म्हणजे काय, हे कॉनरच्या आईला समजावणं अजून बाकी होतं.

मिळालेले कण पाण्यासकट एका छोट्या बाटलीत जात आणि बाटली देवघरात. सोनं म्हणजे लक्ष्मी, ती तिथेच हवी, यात मलाही काही गैर वाटलं नाही. हळूहळू बाटलीच्या तळाशी पिवळी रेघ दिसायला लागली.

लग्नाच्या बरंच आधी, भेटीसाठी म्हणून इरा कॉनरला घेऊन घरी आली. खांबेट्यांच्या आई, माई, तेव्हा साताऱ्याहून आलेल्याच होत्या. त्यांनी सत्यनारायण घालायचं ठरवलं. पूजा झाली, सगळ्यांनी तीर्थ घेतलं. कॉनरही माईंचं बघून तळहातावरचं तीर्थ प्यायला आणि त्याने ओला हात डोक्यावरून फिरवला. खिडकीतून ऊन आलं आणि त्याच्या तांबूस केसांत काहीतरी चमकलं.

खांबेटे त्या डोक्याकडे एकटक बघत राहिले. मग देवघराकडे गेले. बाटली रिकामी होती.

माई कौतुकाने सांगत होत्या, "मोहन, बरं झालं तू गंगाजल जास्तीचं ठेवलंस ते. माझं पुरलं नसतं बघ. जे उरलं ते तुळशीला घातलं." मला मात्र ओढ्याच्या वरच्या अंगाला चरणाऱ्या मेंढ्या आठवल्या. मी तीर्थ दोनदा मागून घेतलं होतं.

खांबेटे एवढंच म्हणाले, "छान केलंस, आई."

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. सोनं पंचपात्रीच्या तळाशी बसलं असणार, म्हणजे बहुतेक सगळं तुळशीत गेलेलं. कुंडी रिकामी करू, माती धुऊ, असं मी सुचवलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. माईंनी मागच्या खेपेला बी आणून लावलेली ती तुळस, खांबेट्यांनी हीटरशेजारी ठेवून हिवाळाभर जगवलेली.

"नको. मूळ दुखावलं तर आई खचेल," ते म्हणाले.

"अहो, पण इतक्या दिवसांची मेहनत."

त्यांच्या हातात शिऱ्याची रिकामी वाटी होती. ती घुमवत ते म्हणाले, "खरं सांगू? बाटलीतली रेघ जाड होत गेली तशी मला धास्तीच वाटायला लागली होती. एकदा वाटी झाली की विषय संपला. मग रविवारी इराशी काय बोलू? सोनं किती झालं, हे विचारायला ती फोन करते. आता पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. बरंच झालं."

 मी मान वळवली, तर दारात इरा उभी, हातात उष्ट्या ताटल्या. तिला मराठी सगळं कळतं, फक्त ती बोलत नाही.  तिने बापाच्या हातातली वाटी काढून घेतली, धुतली, पुसली आणि कपाटात ठेवून दिली. तेवढ्यासाठी तिला बराच वेळ लागला.

ती दोघं परत गेली. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा ओढ्यावर. खांबेट्यांच्या थाळीत पहिल्याच फेरीला एक चांगला ठसठशीत कण आला. मला हाक मारणार, इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी थाळी दगडावर टेकवली, फोन स्पीकरवर लावला आणि घाईघाईने सांगायला लागले, "इरा, अगं आज ना..."

"बाबा," पलीकडून अडखळत, आयरिश हेल काढत आवाज आला, "जेवलास का?"

खांबेटे पाण्यात उभे होते तसेच उभे राहिले. मग सांगायला लागले. सकाळी पोहे केले, जरा तिखट झाले, माईंना चालले नाहीत. ती विचारत गेली, ते सांगत गेले. सोन्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. थाळी दगडावरून घसरली, कणासकट तिरकी होऊन पाण्याबरोबर चालू लागली, आणि त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटी मीच गमबुटात पाणी भरून घेत तिच्यामागे धावलो.