आत्या उभी आहे

विरजण मागायला आलेल्या मीनाकाकूंनी दारातून विचारलं, "प्रेमलाताई अजून आडव्याच का गं?"

"नाही, उभी आहे," सई तोंडातला ब्रश न काढता म्हणाली.

आत्या खरंच उभी होती. त्यांच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगमधल्या जिन्याच्या फुटक्या सहाव्या पायरीवरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. हाडं ठिसूळ झालीत म्हणून डॉक्टरांनी प्लास्टरसोबत नवीनच निघालेली गोळी दिली. उपाशीपोटी, ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. बसलं की आत्याला डुलकी लागे, म्हणून ती उभी राहायची, चहाच्या पातेल्याकडे खुनशी नजरेनं बघत.

पण त्याच आठवड्यात सोसायटीच्या निवडणुकीची नोटीस लागली होती, आणि चेअरमन शहाजीभाऊंसमोर सात वर्षांत कुणी उभं राहिलं नव्हतं. काकूंचं दही लागायच्या आत बातमी पाचव्या मजल्यावर भाऊंना लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ हजर. आत्या उभीच.

"ताई, बसा तुमी."

"नाही बसत."

"ह्या वयात कशाला उभं राहायचं?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

भाऊ चपापले. डॉक्टरही फुटला? "किती दिवस राहणार उभ्या?"

"रोज. हाड भरलं तरी पुढं वर्षभर."

भाऊंनी आवाज खाली आणला. "बसायचं काय घेणार, बोला."

"आत्ता काही घेत नाही. फक्त पाणी."

इतका स्वच्छ उमेदवार भाऊंनी पाहिला नव्हता. शेवटी सईचे बाबा, सुभाष, टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि त्यांनी गोळीचं सगळं समजावलं. भाऊ पोट धरून हसले.

"तरीच. म्हटलं, जिला जिना धड उतरता येत नाही ती बिल्डिंग काय चालवणार?"

आत्या हसली नाही. "पायरीचे तीन अर्ज दिले होते मी."

"बघू हो पायरीचं."

"सई, निवडणुकीचा फॉर्म आण."

"ताई, अगं तुझी हाडं..." सुभाष म्हणाले.

"हाडं ठिसूळ झालीत रे. जीभ नाही."

नोटीसबोर्डाची किल्ली भाऊंकडे. मग सईनं लाल स्केचपेननं प्लास्टरवरच लिहिलं, 'सहावी पायरी'. तो हात गळ्यात अडकवून आत्या घरोघरी फिरली. जिन्यात ठेचकाळलेला प्रत्येक जण तिला आपला पाय दाखवू लागला. मतदानाला गच्चीवर हात वर झाले, अकरा विरुद्ध आठ.

पुढच्याच सोमवारी भल्या सकाळी गवंडी आला. गोळी घेऊन आत्या त्याच्या डोक्याशी उभी राहिली. पायरी ओली असतानाच भाऊ डबा घेऊन वरून उतरले आणि सातव्या पायरीवर अडले.

"झालात ना चेअरमन? आता तरी बसा, ताई."

"बसते की," आत्या घड्याळाकडे बघत म्हणाली. "सिमेंट सुकू दे. तोवर तुम्ही राहा उभे."