बर्फाच्या खोलीतलं काश्मीर

अन्वरने ती गोष्ट सांगितली तेव्हा नूरजहाँ गच्चीवर ओली चादर पिळत होती. ऑगस्टातली संध्याकाळ होती. दुबईच्या खाडीवरून येणारा वारासुद्धा चुलीपाशी बसून आल्यासारखा अंगाला लागत होता. अशा दिवसांत लोक ओल्या चादरी पांघरून गच्चीवर निजत, आणि डोळा लागायच्या आत चादर वाळून खडखडीत होई.

“शेठनं विचारलंय,” अन्वर म्हणाला, “काश्मीरला जातोस की इथंच राहतोस. दोन्हीकडं मॅनेजर. जुम्याच्या नमाजानंतर डिसिजन सांगायचा.”

नूरजहाँचे हात थांबले. चादरीतून पाणी ठिबकत राहिलं.

“काश्मीर म्हंजे ते कॅलेंडरवरचं?”

“तेच. शेठ श्रीनगरला ऑफिस टाकतोय. अक्रोड, बदाम, केशर तिथूनच उचलायचं. वर्षाला चार ऋतू असतात म्हणे.”

“चार?”

“चार. आणि एकातही घामोळं येत नाय.”

“मग तुमी काय ठरवलंत?”

“मी कसला ठरवतोय. तू सांग.”

“तुमी म्हणाल तसं,” असं म्हणून नूरजहाँने चादर दोरीवर टाकली आणि तिच्या पलीकडे गेली. आता अन्वरला फक्त तिचे पाय दिसत होते, आणि पायांवरून बायकोच्या मनातलं ओळखणं काही त्याला जमण्यासारखं नव्हतं.

त्याच्या स्वतःच्या मनात मात्र काडीचीही शंका नव्हती. त्याला दुबई सोडायची नव्हती. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला तो माणूस. सात वर्षांपूर्वी बोटीतून इथे उतरला, समोर गलबतं डुलताना पाहिली, अंगावर खारा वारा आला, आणि वाळवंटाच्या मुलखात आपलीच खाडी आपल्याआधी येऊन बसलीय असं त्याला वाटलं. सकाळी पलीकडच्या तीरावर जाताना होडीवाला रोज सलाम करी. इराणी, बलुची, गुजराती, अरब, सगळे त्या एवढ्याशा होडीत गुडघ्याला गुडघा लावून बसत, आणि कुणी कुणाला तू कुठला म्हणून विचारत नसे. वर भरती आली की खाडी एखाद्या नव्या नवरीसारखी काठोकाठ भरून, नटून बसायची.

पण नूरजहाँ? गेल्या उन्हाळ्यात तिचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. झावळीचा पंखा हातातून सुटत नव्हता. शिवाय भिंतीवरचं ते कॅलेंडर. वर्ष उलटून गेलं तरी तिने ते काढलं नव्हतं. बर्फाचा डोंगर, खाली तळं, तळ्यात शिकारा. जेवताना तिची नजर तिथेच. तिला थंड मुलूख हवाय हे उघड होतं, आणि ते उघड दिसत असताना ‘मला इथंच राहायचंय’ असं म्हणणारा नवरा अन्वरला व्हायचं नव्हतं.

“काश्मीर बरं असेल, नाय?” त्याने चादरीला विचारलं.

“बरंच असेल,” चादर म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने पुढे जोडलं, “पण तुमाला थंडी सोसंल काय? जल्मात कधी बघितली नायत. आधी पारखून घ्या. गनीभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसा तासभर.”

गनी हा अन्वरचा गाववाला, बर्फाच्या कारखान्यात मुकादम. त्याला ही कल्पना फार आवडली. “ये की बेस्तरवारी, जुम्याच्या आदल्या दिवशी,” तो म्हणाला. “लाद्या ठेवायच्या खोलीत बसवतो तुला. पण अंगावर गरम कपडा आण हां. मागं एक फिरंगी साब रुबाबात आत गेला, बाहेर आला तर मिशीला बर्फ.”

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली, कारण अख्ख्या मोहल्ल्यात लोकरीचा धागा नव्हता. ऑगस्ट महिन्यात दुबईत स्वेटर मागत फिरायचं म्हणजे रमजानात दुपारी चहाची तपेली मागण्यासारखंच. नूरजहाँ शेवटी मरियमबींकडे गेली. मरियमबी म्हणजे गल्लीतल्या सगळ्या कोकणी घरांची खाला. लग्न असो, बारसं असो, त्यांच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे की पाळणा हलत नसे.

“खाला, लोकरीचं कायतरी द्या. ह्यांच्यासाठी.”

“लोकरीचं? या उन्हात? कशाला गो?”

“काश्मीरच्या थंडीसाठी.”

नूरजहाँ खोटं बोलली नव्हती. तिने फक्त पुढचं वाक्य बोलायला उशीर केला, आणि तेवढ्यात मरियमबी रडायला लागल्या होत्या.

आमच्या कोकणी माणसांची एक रीत आहे. कुणी परमुलखाला निघाला की त्याला रित्या हाताने जाऊ द्यायचं नाही. घराघरातून काहीतरी बांधून द्यायचं, आणि घेणाऱ्याने ‘नको’ म्हणायचं नाही. एकदा निरोपाचं बोचकं घरात आलं की माणूस गेल्यातच जमा. त्यानंतर तो गल्लीत दिसला तर लोकांना ओशाळल्यासारखं होतं.

बुधवारी दुपारपर्यंत अन्वरच्या घरात सुके बोंबील, कुळथाचं पीठ, दोन बरण्या लोणचं, आमसुलं आणि तांदळाच्या पापडांची चळत येऊन पडली. शेजारच्या हव्वाबींनी गोधडी दिली. कमरुद्दीन सारंग वीस वर्षं विलायतेच्या बोटींवर राबून आलेले. त्यांनी गुडघ्याखाली येणारा काळा ओव्हरकोट आणला. तो इतका जाड होता की खुंटीला लावल्यावर आत कुणीतरी उभं आहे असं वाटे.

“काका, अजून काय ठरलं नाय,” अन्वर कळवळून म्हणाला.

“सगळे असंच म्हणतात बाबा,” सारंगांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मी पण घर सोडताना असंच म्हटलं होतं. मग बावीस बंदरं फिरलो.”

तिसऱ्या प्रहरी बायका जमल्या. मरियमबींनी डोळे मिटून गाणं धरलं.

*दर्याच्या पाखरा, नको जाऊ डोंगरा,*
*तिथे पाणी निजे गार, त्याला नाही येरझारा.*
*सांगा कुणी लेकीला या, सांज तिथे कशी सरे,*
*जिथे कुण्या गलबताची वाट पाहणारी नुरे.*

बायकांनी पदराने डोळे टिपले. दाराआड उभ्या अन्वरनेही बाहीला डोळे पुसले. आपल्याच घरात आपल्याच निरोपाला रडणारा तो मोहल्ल्यातला पहिलाच माणूस असावा. नूरजहाँ मात्र खाली मान घालून बसली होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. तिला किती आनंद झाला असेल, असं वाटून अन्वरला आणखी भरून आलं.

गल्लीत शिजलेली बातमी पेढीवर पोहोचायला किती वेळ लागणार. संध्याकाळी अन्वर दुकानात गेला तेव्हा त्याच्या गादीवर हारुन बसला होता. हारुन म्हणजे दुकानातला दुसरा कारकून, आणि तो गादी नीट बसते का हे डावीउजवीकडे सरकून बघत होता.

खैरुद्दीन शेठ मुरुडकडचे. दीडेकशे किलोचा देह, अंगात मलमलचा कुडता, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि तरी मानेवरून घामाचे ओहोळ. तीस वर्षं दुबईत काढली, पण एकही उन्हाळा त्यांच्या अंगाने अजून मान्य केला नव्हता.

“शाब्बास अन्वर,” ते म्हणाले. “मला सांगायच्या आधी मोहल्ल्याला सांगितलंस, ते सोड. पण गनीच्या खोलीत बसून थंडीची प्रॅक्टिस करतोयस म्हणे? अरे, अशी माणसं आहेत म्हणून ही पेढी उभी आहे. इथलं मी हारुनला देऊन टाकलं. सोमवारच्या बोटीनं तू नीघ.”

“शेठ, अजून घरात—”

“घरात तर रडारड पण झाली म्हणतात. खलास. आणि ऐक, उद्या मी पण येतो तुझी प्रॅक्टिस बघायला.”

शेठ स्वतः येणार म्हटल्यावर आता मागे फिरणं नव्हतं. गुरुवारी भर दुपारी अन्वर सारंगांचा ओव्हरकोट घालून, वर गोधडी गुंडाळून, कानटोपीसारखा टॉवेल बांधून घराबाहेर पडला. होडीवाल्याने सलामासाठी उचललेला हात तसाच राहिला. होडीतल्या एका म्हाताऱ्या बलुच्याने सरकून जागा करून दिली आणि हळूच दुआ म्हटली.

बर्फाच्या खोलीत पाऊल टाकताच अन्वरचा घाम जागच्या जागी गार झाला. चहूबाजूंनी गोणपाटांत गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. दिव्याच्या उजेडात त्यांच्या फटींतून निळसर धूर निघत होता. दहाव्या मिनिटाला त्याच्या पायांची बोटं त्याला सोडून गेली. पंधराव्याला दात वाजू लागले. आता उठावं, असा विचार तो करतोय तोच दार उघडलं आणि शेठ आत आले. मलमलच्या कुडत्यात.

“दोन मिनिटं बघून जातो,” असं म्हणून ते गोणपाटावर टेकले.

शेठच्या मानेवरचा घाम थांबला. मग कपाळावरचा. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटू लागलं की अन्वर थरथरायचं विसरून बघत राहिला. तापाने फणफणलेल्या लेकराच्या डोक्यावर आईने पाण्याची पट्टी ठेवावी आणि त्याचा चेहरा हळूहळू निवत जावा, तसे शेठ निवत होते. तीस वर्षांचा उन्हाळा त्या माणसाच्या अंगातून थेंबाथेंबाने उतरत होता. त्या क्षणी ते मोठे सुंदर दिसत होते.

दोन मिनिटांचा तास झाला. शेठ हलेनात. आणि शेठ बसलेले असताना नोकराने उठायचं कसं?

“अन्वर,” शेठ डोळे मिटूनच म्हणाले, “काश्मीरात अशीच हवा?”

“अ-अ-असेल, शेठ.”

“वर्षभर?”

“न-नाय. चार ऋ-ऋतू असतात. हा त्यातला ए-एक.”

“हां,” शेठ म्हणाले. “बाकीचे तीन घेऊ सोसून.”

गनी दारातून डोकावला. “शेठ, गाडी आलीय, लाद्या काढायच्यात. यल्ला, उठा आता.”

“ही एक ठेव,” शेठ बसल्या लादीवर हात थोपटत म्हणाले. “बाकीच्या ने.”

शेवटी सहा लाद्या गेल्यावर शेठ उठले. अन्वरला गनीने आणि एका हमालाने मिळून उचलून उन्हात ठेवला. ते ऊन. तेच ऑगस्टातलं, तव्यासारखं तापलेलं ऊन त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवू लागलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. या उन्हाला आपण सात वर्षं नावं ठेवली याची त्याला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात शेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “श्रीनगरला मी स्वतः जातो. हारुन माझ्याबरोबर येईल. इथली पेढी अन्वर बघेल. आणि काय रे, तो कोट कुणाचा आहे? मला होईल काय?”

अन्वर घरी आला तो जिने दोन-दोन चढत. पण गच्चीच्या दारापाशी थांबून त्याने तोंडावरचं हसू पुसलं. नूरजहाँ कठड्यापाशी उभी होती.

“शेठ स्वतःच चाललेत काश्मीरला,” तो अडखळत म्हणाला. “आपण इथंच. मी काय करणार, नूर. पुढंमागं कधी...”

नूरजहाँ मटकन खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली. अन्वर तिच्यापुढे उकिडवा बसला. “नको रडूस. मला ठाऊक हाय तुला किती हौस होती.”

“मला?” तिने तोंड वर केलं. “मला कसली हौस? मॅनेजरकीची हौस तुमाला. ‘बरं असेल, नाय?’ असं कोण बोललं?”

“आणि ते कॅलेंडर?”

“चित्र बघायला आवडतं. चित्रात राहायला कुणी सांगितलं?”

“मग मला बर्फात का धाडलंस?”

नूरजहाँने नाक पुसलं. “वाटलं, धा मिनिटांत कुडकुडत याल आणि आपल्या तोंडानं म्हणाल, नको रे बाबा काश्मीर. तर तुमी बसलात दीड तास. मी इथं तसबीहचे मणी ओढत बसले होते.”

“शेठ बसले होते गो. मी कसा उठणार?”

ती रडता रडताच हसू लागली. मग तोही हसला. खाली खाडीला भरती येत होती. एक गलबत शीड उतरवत धक्क्याला लागत होतं, आणि वाळूवरून आलेला गरम वारा दोघांच्या अंगावरून जात होता.

बऱ्याच वेळाने अन्वरने विचारलं, “उकडतंय?”

“लय उकडतंय,” नूरजहाँ म्हणाली, आणि आणखी थोडी जवळ सरकली.