चार सिलिंडरांची खांदमळण

रामहरीला कुणी नुसतं "गाडी कशी काय?" विचारलं, की विचारणाऱ्याची सकाळ गेलीच म्हणून समजा. "चार सिलिंडर, पेट्रोल! अकराशे सत्त्याण्णव सीसी, सोळा व्हॉल्व्ह, त्र्याऐंशी हॉर्सपॉवर. लई भरवशाचं इंजिन!" हे तो एका दमात म्हणायचा. (लग्नाची तारीख विचारली, की मात्र बायकोच्या तोंडाकडं बघायचा.) गाडी दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली. पण पडेगावच्या त्या गल्लीत तिचा तोरा असा, की शेजारच्या प्रेरणाची तीन सिलिंडरवाली सुरू झाली की हा गॅलरीतून ओरडायचा, "मॅडम, थंडी वाजतेय का हो गाडीला? थरथरतेय!" प्रेरणा बिचारी हसायची, अन् वेळ झाली की मुकाट्यानं गाडी सर्व्हिसिंगला न्यायची. रामहरीला सर्व्हिसिंगचं वावडं. भरवशाच्या माणसाच्या कुणी सारखं मागं लागतं का, असा त्याचा सवाल.

आता ह्यात साळूबाई कशी आली ते ऐका. साळूबाई म्हणजे रामहरीची आई. उभा जन्म देवगाव रंगारीला बैलांमागं गेलेला. मालक गेले, गुडघे गेले, ह्या उन्हाळ्यात बैलजोडीही विकावी लागली, तेव्हा कुठं ती लेकाकडं राहायला आली. आली खरी, पण पिशवी काही रिकामी करेना. लुगडं पिशवीतून काढायची, धुऊन वाळवून पुन्हा पिशवीतच ठेवायची. सून मंजुषानं कपाटाचा एक कप्पा मोकळा करून दिला होता, तो तसाच मोकळा. रामहरीला त्या कप्प्याकडं बघवत नसे. आईनं आता इथंच राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

पोळा जवळ आला तसं साळूबाईचं घरात लक्ष लागेना. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी तर ती बैलांचे खांदे मळायची हळद-तुपाची वाटी मांडीवर घेऊन दारात बसून राहिली. "कुणाचे खांदे मळू रं आता?" म्हणाली.

अन् तिथंच रामहरीला नको ती हुशारी सुचली. "अगं, चार बैल उभे हायेत की दारात!" त्यानं धाडकन बॉनेट उघडलं. "हे बघ. चार सिलिंडर म्हणजे चार बैल. एकाचं ओढून झालं की दुसरा, मग तिसरा, मग चौथा. कुणी दमत नाय. उद्या ह्यांच्यावर बसवून तुला देवगावला नेतो."

"खातात काय?"

"पेट्रोल. बाकी काय मागत नाय, लई गुणाचे."

साळूबाईला ते पटलं. तिनं इंजिनाच्या झाकणावरनं चार जागी हळद-तूप चोळलं, हात जोडले अन् म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." रामहरीनं फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

सकाळी तिघं निघाली. पुढं बसलेली साळूबाई काचेखालच्या लाल दिव्याकडं बघत होती. "रामहरी, ही झारी दिसतीया. तोंडातून थेंब पडतोय. तेल मागतंय का रं ते?"

"आई, ते सेन्सर असतात. कधीमधी येड्यासारखे करतात."

"अन् टकटक कशाची?"

"रस्ता खराब हाय!" (रस्ता नुकताच झालेला होता.)

माळीवाडा मागं पडला आणि इंजिनानं एक कर्कश हिसका दिला, जळका वास सोडला अन् मान टाकली. चावी फिरवली तर हूं नाही की चूं नाही. रामहरीनं बॉनेट उघडलं. धूर, अन् धुरात पिवळीधम्मक हळद.

मग त्याची जीभ सुटली. "आई, आत काय ओतलंस? तूप ओतलंस ना?"

"नाय रं लेकरा, वरूनच हात फिरवला."

"टोपण उघडून ओतलंस! चारी बैल मारलेस माझे!"

"अहो, हळू," मंजुषा म्हणाली, पण उशीर झाला होता. रस्त्यानं जाणारी दोनचार माणसं थांबली होती. साळूबाईनं एकदा लेकाकडं पाहिलं, मागच्या सीटवरची पिशवी उचलली, देवगावकडं जाणाऱ्या काळी-पिवळी जीपला हात केला आणि चढून बसली. रामहरीनं तिला थांबवलं नाही. तेव्हा त्याला फक्त इंजिन दिसत होतं.

माळीवाड्याला सोनाजी मिस्त्रीचं गॅरेज होतं. तिथपर्यंत गाडी ढकलत नेली. मंजुषा स्टिअरिंगला, रामहरीचा खांदा मागं. सोनाजीनं ऑईल मोजायची पट्टी ओढली. कोरडी ठाक.

"साहेब, ऑईल कधी बदललं?"

"लई भरवशाचं इंजिन आहे, सोळा व्हॉल्व्ह..."

"बदललं कधी?"

"नाही बदललं. पण आईनं काल टोपण उघडून तूप ओतलंय ह्यात."

"हे टोपण बघा, पक्कडीनं निघंना. वर्ष-दोन वर्षांत कुणाचा हात लागलेला नाय ह्याला." सोनाजीनं झाकणावरची हळद बोटानं पुसली. "हे वरचं वरच हाय. आजीनं खरंच वाटीभर तूप ओतलं असतं ना साहेब, तर अजून एखादा किलोमीटर गेली असती."

रामहरी तिथंच आडव्या टायरवर बसला. इंजिन गेल्याचं दुःख कुठल्या कुठं गेलं. जिनं आयुष्यात जनावराला उपाशी ठेवलं नाही, तिला आपण चार लोकांत 'मारलेस' म्हणालो, ह्या विचारानं त्याला स्वतःची शरम वाटली.

मंजुषानं फोन केला आणि प्रेरणा गाडी घेऊन आली. तीन सिलिंडर थरथरले, पण थेट देवगावपर्यंत गेले.

साळूबाई चुलत जावेच्या ओसरीवर बसली होती. समोरून सजलेले बैल चालले होते.

"आई, चुकलं माझं. तेल मीच घातलं नव्हतं."

"किती दिस?"

"दोन वर्षं."

"आरं देवा! अन् मुकी जनावरं तशीच ओढीत व्हती?" तिनं डोळ्याला पदर लावला. मग त्याच्या वाकड्या खांद्याकडं लक्ष गेलं. "काय झालं रं खांद्याला?"

"गाडी ढकलली."

ती उठली, घरातून हळद-तुपाची वाटी घेऊन आली आणि रामहरीचा शर्ट खाली ओढून खांदा मळू लागली. बराच वेळ मळत होती. "आवतण काल द्यायचं असतंय, तुझं राहूनच गेलं. चल, जेव. अन् माझी पिशवी गाडीत ठेव, परत जायचंय. तुझ्या नाय, ह्या पोरीच्या."

रामहरीला रडू आवरेना. मंजुषानं त्याच्याच फोनवर फोटो काढला: पिवळा खांदा, पाणावलेले डोळे, तोंडात पुरणपोळी. अन् टाकला कालच्याच ग्रुपवर.

मिनिटाभरात ऑफिसातून विचारणा आली, "ह्याला सिलिंडर किती?"