मुठीने उघडेल असा नळ

केणीकाका नळ घ्यायला दुकानात शिरले की आधी मूठ आवळतात. कुणाला मारायला नव्हे. त्या आवळलेल्या मुठीने ते भिंतीवर मांडलेला एकेक नळ उघडून बघतात. बोट म्हणून लावायचं नाही. दुकानदार म्हणतो, "सर, असं नाही, हाताने उघडा." काका म्हणतात, "हा हातच हाय."

हे मी एकदा नव्हे, ओळीने सहा रविवार पाहिलंय. नवीन पनवेलला आमची दारं समोरासमोर. माझ्याकडे स्कूटर आहे आणि कुणाला नाही म्हणायची अक्कल नाही, त्यामुळे काकांना मागे बसवून मी गावातलं नळांचं एकेक दुकान पालथं घातलं.

काका जन्मभर जासईच्या एका कंटेनर यार्डात होते. कंटेनर भरला की आत डोकावून बघायचं आणि दाराला सील ठोकायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सील काही सुटलं नाही. "सील मारायच्या आधी बघा, मंग बोंबलून उपेग नाय," हे ते डब्याला झाकण लावताना म्हणतात, पाकीट चिकटवताना म्हणतात. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात तर नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन म्हणाले. तेव्हापासून माझी बहीण त्यांना कशालाच बोलावत नाही.

बाथरूमच्या कामात मात्र हे वाक्य एकदाचं जागेवर पडलं. लेकीने हौसेने आईवडिलांचं बाथरूम नवं करायला काढलं आणि बेसिनला भिंतीतून येणारा नळ ठरवला. त्या नळाचं अर्धं अंग भिंतीच्या पोटात असतं. वर टाइल्स बसल्या की बदलायची सोय नाही, भिंतच फोडावी लागते. प्लंबर रोज विचारायचा, काका, नळ आणला का? काका म्हणायचे, थांब जरा. भिंत तशीच उघडी, आणि सुलभाकाकू तिकडे विचुंब्याला लेकीकडे. दोन आठवड्यांसाठी गेलेल्या काकूंना दोन महिने होत आले. मला भारी राग यायचा. मी मुळातच फटकळ, एकदा तोंडावर बोललेसुद्धा, की काका, काकू लांब आहेत तर तुमची मजा चाललीय. काका नुसते हसले.

दुकानांत काळे नळ होते, सोनेरी होते, कागदाच्या घडीसारखे चपटे होते. विकणारी मुलगी सांगायची, हा आताचा लुक आहे. काका मूठ लावायचे. नळ ढिम्म. नापास. गोल चावीचे तर लांबूनच नापास. एकदा हात पुढे केला की आपोआप पाणी येणारा नळ दाखवला. मला आवडला. काका म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण. सेल संपला की नळाला नमस्कार करत बसायचं."

पाचव्या रविवारी येताना आम्ही उसाच्या रसाला थांबलो. तिथे काका आपणहून बोलायला लागले. म्हणाले, भिंतीतला नळ काय नवा नाय, बाय. लग्न झालं तेव्हा जासईला त्यांच्या आळीत तसाच होता, भिंतीत बसवलेला, पितळेचा. सगळ्या आळीत तो एकच. पाणी सकाळी तासभर, आणि चावी इतकी घट्ट की गडीमाणसं हात टेकायची. नवी नवरी सुलभा तिसऱ्या दिवशी गेली, पदर खोचला आणि एका पिळात नळ उघडून मोकळी झाली. मग काय, रोज पाणी यायच्या वेळी आळीभर हाक, "सुलभे, नळ!" हातातलं पीठ न धुता ती धावायची. काका ते बघायला थांबायचे आणि कामावर उशिरा पोचून बोलणी खायचे.

सांगता सांगता रस प्यायचा राहिला होता.

"आता तिची बोटं वळलीत," ते म्हणाले. "संधिवात. नळ मी उघडायचो. दिवसातून दहादा हाक मारायची, अहो, नळ. मंग तिलाच लाज वाटायला लागली. आता म्हणते, लेकीकडे नळ माझा मला उघडतो, काम झालं तरी येणार नाय."

मला माझ्या जिभेची अशी लाज वाटली, की रसाचे पैसे मीच देऊन टाकले.

सहाव्या रविवारी कर्नाळ्याच्या रस्त्याला एका जुन्या दुकानात तो नळ सापडला. भिंतीतलाच, पण वीतभर लांब दांड्याचा. दुकानदार म्हणाला, हा डॉक्टर लोक कोपराने उघडतात, घरात कुणी लावत नाही. काकांनी मूठ लावली, दांडा अलगद फिरला. परत लावली. तिसऱ्यांदा डोळे मिटून लावली.

"मारा सील," म्हणाले.

काकू परत आल्या. मी चहाला गेले, तर त्यांनी आधी मला बाथरूममध्ये नेलं. मनगटाने दांडा ढकलला, हात धुतले, मनगटानेच नळ बंद केला. "बघ, माझी मी," म्हणाल्या. किती बरं वाटलं होतं त्यांना! काका दारात उभे राहून बघत होते. छान, छान, म्हणाले आणि हॉलमध्ये येऊन गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"झालं ना काका मनासारखं?" मी विचारलं.

"झालं की," ते म्हणाले. "आता मला कुणी हाक मारायचं कारण नाय."

काकू माझ्यापुढे चहा ठेवत होत्या. त्यांनी ते ऐकलं असावं. कप ठेवून त्या आत गेल्या, आणि जरा वेळाने बाथरूममधून आवाज आला.

"अहो, नळ!"

काका ताडकन उठले. "तरी मी सांगत होतो, सील मारायच्या आधी नीट बघायला पायजे," असं मला ऐकवत, एकच चप्पल पायात घालून आत पळाले. पाणी पडल्याचा आवाज आला, मग दोघांचं काहीतरी हसणं.

मी माझ्या फटकळ तोंडाला सील मारलं आणि चहा प्यायले.