हायपरबोलने मागितलेला रविवार

“मॅडम, तुमचा एक तास पुरतच नाही हो आम्हाला! रविवारी पण घ्याल का एखादा?”

प्रश्न विचारला हायपरबोलने, पण डोकं मागच्या बाकावरच्या चष्मिशचं होतं. “मॅडम कधीपासून आयरनी आयरनी करतायत ना? बोलायचं एक, म्हणायचं भलतंच. मग दे की एक जिवंत उदाहरण! आहे हिंमत?”

हायपरबोलला हिंमत विचारायची म्हणजे धो धो वाहत्या नळाला पाणी आहे का विचारायचं. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा कुजबुजत उत्तर द्यायची. मग वक्तृत्वात कप मिळाला आणि जो कंठ फुटला तो थांबायचं नावच घेईना. त्याच सुमारास चष्मिशने पुस्तकातलं ‘हायपरबोली’, म्हणजे अतिशयोक्ती, खणखणीत आवाजात ‘हायपरबोल’ असं वाचलं, आणि अख्ख्या वर्गाने वळून हिच्याकडे पाहिलं. बारसं तिथेच उरकलं.

तर प्रश्न विचारून ती मान तिरकी करून साखरेसारखं हसत उभी राहिली. वर्गाने ओठ घट्ट दाबून धरले. इंग्रजीच्या मॅडमचा खडू थांबला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग त्या फळ्याकडे वळल्या, स्वच्छ फळा उगाचच पुसला आणि पुन्हा वळल्या.

“केवढी गोड मुलगी! आजवर असं कुणी मागितलं नव्हतं गं. ठरलं तर. रविवारी सकाळी, सगळ्यांनी!”

वर्गाचं हसू घशातच अडकलं.

“माझी मॅच आहे रविवारी!” मधल्या सुट्टीत चष्मिश तिच्या अंगावर धावून आली.

“हिंमत आहे का, असं तूच विचारलंस ना?”

“मी विचारायला सांगितलं होतं. इतकं छान विचारायला नाही!”

मॅडमना खरं सांगून टाकावं म्हणून हायपरबोल स्टाफरूमच्या दारापर्यंत गेली. आत मॅडम फोनवर बोलत होत्या. “हो, तुमच्याच मुलीने मागितला तास,” एवढं ऐकलं आणि तिचे पाय आपोआप मागे फिरले.

घरी बाबांनी दारातच पाठ थोपटली. तोवर त्यांचं आत्याला, मामाला आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना कळवून झालं होतं.

“माझ्यावर गेलीय,” आई म्हणाली.

“बाबा, मी ते खरंखुरं नव्हतं म्हटलं...”

“बघ, बघ! विनय बघ पोरीचा!” बाबा म्हणाले. “आता गणिताचाही माग की एखादा!”

हायपरबोल दप्तर उचलून आत निघून गेली.

रविवारी सगळा वर्ग जांभया देत आणि तिच्याकडे खाऊ की गिळू बघत बसला होता. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘पुढील वाक्याचा प्रकार ओळखा.’ खाली वाक्य होतं, ‘मॅडम, तुमचा एक तास पुरतच नाही हो आम्हाला!’



“कोण सांगतंय?”

हायपरबोल उठली. “आयरनी, मॅडम.”

“शाब्बास. आणि मी ‘केवढी गोड मुलगी’ म्हटलं, ते?”

“ते... ते पण आयरनीच.”

वर्ग खो खो हसत सुटला.

“आणि ज्यांना तास नको, तेच सगळे आज सुट्टी घालवून इथे बसलेत, ते?”

“सिच्युएशनल आयरनी!” मागून चष्मिश ओरडली. बरोबर उत्तर द्यायची तिची ही पहिलीच वेळ.

“कळलं ना? मग पळा घरी. पुढच्या रविवारी कुणी यायचं नाही.”

वर्ग क्षणात रिकामा झाला. हायपरबोल मात्र बाकाशीच घुटमळली.

“मॅडम, सॉरी.”

“अगं, त्यात काय एवढं!” मॅडम फळा पुसत म्हणाल्या. “मला लगेच कळलं होतं. म्हणजे... फळ्याकडे वळेपर्यंत खरंच वाटलं होतं हं.” आणि त्या हसल्या.

त्या हसण्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. रस्ताभर तिला तो उजळलेला चेहराच दिसत राहिला.

घरी बाबा फोनवर आत्याला सांगत होते, “हो ना, अगदी स्वतःहून!” हायपरबोलने फोन त्यांच्या हातातून घेऊन बंद केला.

“बाबा, मी तास मागितला नव्हता. मॅडमची टिंगल केली होती. सगळ्यांसमोर.”

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. “काय गं हे!” आई जागच्या जागी खाली बसली.

“पण आता मागणार आहे. उद्याच, सगळ्या वर्गासमोर, अगदी त्याच शब्दांत. चष्मिश हसली तर हसू दे. दुसरं कुणी नाही आलं तरी रविवारी मी एकटी जाणार.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “आणि या वेळी जे बोलतेय ना, तेच म्हणायचंय मला.”