तपकिरी पेशी शोधणारे सोनावणे सर

आमचे सोनावणे सर मायक्रोस्कोपला डोळा लावून शिव्या देतात. माणसांना नाही, पांढऱ्या पेशींना. "बघा, बसलेत कट्ट्यावर! समोर गाठ वाढतेय आणि हे निवांत." घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते, त्यामुळे सात वर्षं हे भजन मी फुकटात ऐकते आहे.

खरं तर स्लाइड वाचणं डॉक्टरबाईंचं काम. सरांनी ती फक्त रंगवायची. पण आचाऱ्यानं चव बघावी तसं आधी हे बघणार आणि लॅबभर निकाल जाहीर करणार. बाई येईपर्यंत आम्हा सगळ्यांना निदान पाठ झालेलं असतं.

त्यांचा विषय एकच, रिसेप्टर. पांढऱ्या पेशीच्या अंगावर म्हणे हात असतात. त्यांनी चाचपून ती परका ओळखते आणि मारते. पण त्यातला एक हात हळवा. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशीनं नेमका तोच धरला की हिचा राग विरघळतो. "गाववाला भेटला की मुंबईतला माणूस कसा ढिला पडतो, तसं." हा हात धरणारा पदार्थ गाठीवर असला, तर आमच्या रंगानं ती तपकिरी दिसते. मग ती पकड सोडवणारं औषध लागू पडायची आशा जास्त. तपकिरी नाही, नुसती निळी, तर आशा कमी. बस्स, इतकंच. पण हे इतकंच सर डबा खाताना सांगतात, लिफ्टमध्ये सांगतात, माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं. सासरे अजून विचारतात, ते हातवाले गृहस्थ कसे आहेत.

पेशंटच्या नातेवाइकांशी वागणं तर विचारूच नका. कुणी काउंटरवर हात जोडून म्हणालं, परत एकदा तपासता का, की सर चष्म्यावरून बघत सुनावणार, "रंग माणूस बघून चढत नाही." एक बाई रडत गेली होती. त्या दिवशी मला त्यांची जी चीड आली, ती आजही पुरती गेलेली नाही.

गेल्या महिन्यात विक्रोळीच्या एका बाईंचा नमुना आला. फुप्फुसाची गाठ, वय अडुसष्ट. नाव टाइप करताना कळलं, ही सरांची थोरली बहीण, अक्का. जालन्याहून त्यांना इथं आणून, कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून हिनंच त्यांना शिकवलं. सरांनी स्लाइड रंगवली, बघितली. शिवी काही आली नाही.

मग त्यांनी दुसरी रंगवली. रंगाची बाटली जुनी असेल, असं पुटपुटले. पण प्रत्येक स्लाइडच्या कडेला टॉन्सिलचा एक तुकडा मुद्दाम लावलेला असतो. तो तपकिरी झाला म्हणजे रंग नीट चढला. तो झाला होता. तरी त्यांनी नवी बाटली फोडून तिसरी रंगवली. सात वर्षांत कुणासाठी दुसरी न केलेला हा माणूस! त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवावं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

तेवढ्यात ते माझ्या टेबलाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "शिल्पा, माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. तू बघतेस जरा? एखादी तरी तपकिरी दिसते का?"

मला त्यातलं काय कळतं? तरी जाऊन बसले. सगळं निळं. कडेचा टॉन्सिल तेवढा तपकिरी. सरांनी मागून माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मला फार वाईट वाटलं आणि त्यांचा रागही आला, की हे मलाच का विचारतात.

"दिसतं का गं काही?"

मी फोकस फिरवत राहिले. डोळा बाजूला घेतला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.